जवसाची कॅप्सूल की जवसाची चटणी?

हृदयविकार हा श्रीमंतांचा आजार, असा एक समज आपल्याकडे आहे. तो खरा नाही. कारखान्यात, बांधकामावर, हमालीत अंग झिजवणाऱ्या माणसालाही रक्तदाब होतो आणि बरेचदा तो असल्याचे त्याला ठाऊकही नसते. या भीतीवर धंदा करणारे पुष्कळ आहेत. जवसाच्या तेलाच्या कॅप्सूल ‘हृदयाचा रक्षक’ म्हणून विकल्या जातात. महिन्याच्या किराण्याचे पैसे मोडून ही बाटली घ्यावी का, याचा विचार प्रत्येक घराने करायला हवा.

जवसात असते काय?

जवसाच्या दाण्यात सुमारे ४० टक्के तेल असते. त्या तेलाचा निम्म्याहून अधिक भाग म्हणजे ओमेगा-३ जातीचे एक स्निग्ध आम्ल. मासळीच्या तेलातले ओमेगा-३ निराळे. जवसातल्या ओमेगा-३ चा अगदी थोडाच भाग आपले शरीर त्या रूपात बदलू शकते. म्हणून मासळीच्या तेलाचे गुण जवसाच्या कॅप्सूलला चिकटवणे बरोबर नाही.

‘कोक्रेन’ या संस्थेने २०२० साली ओमेगा-३ वरील ८६ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. वनस्पतींतले ओमेगा-३ वाढवल्याने मृत्यूच्या प्रमाणात फारसा फरक पडत नाही, हृदयविकाराचा धोका कमी झालाच तर थोडासा होतो, असे त्यात आढळले.

दळलेल्या जवसाची गोष्ट थोडी वेगळी आहे. कॅनडात पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या ११० रुग्णांवर एक चाचणी झाली. त्यातल्या काहींना रोज ३० ग्रॅम दळलेले जवस अन्नातून दिले. सहा महिन्यांनी त्यांचा वरचा रक्तदाब इतरांच्या मानाने सुमारे १० अंकांनी कमी होता. हे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. पण ती चाचणी लहान होती आणि बहुतेक रुग्णांची रक्तदाबाची औषधेही चालूच होती, हे विसरू नये.

हिशोब करून पाहा

एक हजार मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये हे ओमेगा-३ साधारण अर्धा ग्रॅम असते. एक मोठा चमचा, म्हणजे सुमारे ७ ग्रॅम जवसपुडीत ते दीड ग्रॅमच्या वर असते. म्हणजे एका चमच्यात तीन कॅप्सूल! शिवाय पुडीत चोथा असतो, तो तेलात नसतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या आपल्या आया-आज्या भाकरीबरोबर जवसाची चटणी वाढत आल्या, ते अन्न याहून स्वस्त आणि सरस आहे.

जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजावेत. लसूण, जिरे, लाल तिखट घालून कुटावेत. अख्खा दाणा पचत नाही, तसाच बाहेर पडतो. मीठ मात्र बेताने घाला. दिवसभरात माणशी ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. चटणी आठवड्यापुरतीच करावी, कारण जवसाचे तेल लवकर खवट होते. ते तेल तळणासाठी वापरू नये. रंगाच्या दुकानातले अळशीचे तेल तर चुकूनही पोटात घेऊ नये.

हे लक्षात ठेवा

चोथ्यामुळे औषध अंगी लागण्यास अडथळा येऊ शकतो, म्हणून गोळी आणि चटणी यांत एक-दोन तासांचे अंतर ठेवा. रक्त पातळ करणारे औषध चालू असलेल्यांनी आणि गरोदर भगिनींनी रोज जवस खाण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कॅप्सूल सुरू केली म्हणून रक्तदाबाची गोळी बंद करू नका. अशा पूरक आहाराच्या बाटलीवर ‘औषधी वापरासाठी नाही’ अशी सूचना छापण्याचे बंधन कायद्यानेच घातले आहे. विकणारा काहीही सांगो, ती ओळ मुलांकडून वाचून घ्या. छातीत दडपण, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, दरदरून घाम, अशी लक्षणे दिसताच घरगुती उपाय करत न बसता १०८ क्रमांकावर फोन करा.

घरातल्या तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा रक्तदाब जवळच्या सरकारी दवाखान्यात मोजून घ्या. तंबाखू, बिडी सोडा. बाटलीसाठी काढलेले पैसे पालेभाजी, डाळ आणि पावशेर जवसावर खर्च करा.