चिरडू नका, फुंकर मारा!



पावसाळ्यात रात्री ट्यूबलाइटभोवती किडे जमतात. त्यांत कधी मुंगीसारखा दिसणारा, नारिंगी-काळा, ७-८ मिलिमीटर लांबीचा एक किडा असतो. तो मुंगी नसून भुंगेरा आहे. त्याचे शास्त्रीय नाव पीडेरस फुसिपेस. युरोपपासून ऑस्ट्रेलियापर्यंत तो आढळतो आणि भाताच्या ओलसर खाचरांत चांगला वाढतो.

बहुतेक भुंगेऱ्यांचे पोट कठीण पंखांखाली झाकलेले असते. याचे निळसर चमकदार कठीण पंख मात्र आखूड असतात. उडायचे पातळ पंख त्यांच्याखाली घडी घालून ठेवलेले असतात. डिवचल्यावर हा किडा शेपटीकडचा भाग वर उचलतो, म्हणून नांगी मारेल असे वाटते. पण त्याला नांगीच नसते!

मग कातडी का भाजते? त्याच्या अंगातील रसात पीडेरिन नावाचे विष असते. किडा अंगावर चिरडला की ते कातडीला लागते. लगेच काही जाणवत नाही. एक-दोन दिवसांनी, जिथे रस पसरला तिथे, लाल पट्टा उठतो, आग होते, फोड येतात. तोवर किडा विसरलेला असतो. म्हणून पुष्कळांना ती नागीण वाटते आणि भलतेच उपचार सुरू होतात.

गंमत म्हणजे हे विष किडा स्वतः तयार करत नाही. ते त्याच्या शरीरात राहणारे जीवाणू तयार करतात. जर्मनीतील यॉर्न पील यांनी २००२ साली त्या जीवाणूंची जनुके शोधून हे दाखवले. मादीकडून विष अंड्यांत उतरते. त्यामुळे कोळी या किड्याच्या अळ्या खायचे टाळतात.

शेतकऱ्याचा मात्र हा मित्र आहे. भातावरचे तुडतुडे आणि इतर किडींची अंडी तो फस्त करतो. म्हणून दिसला की मारायची घाई नको.

लक्षात ठेवा :
१. किडा अंगावर बसला तर फुंकर मारा किंवा कागदावर घेऊन बाहेर सोडा.
२. चिरडलाच तर ती जागा व हात साबणाने धुवा. तोपर्यंत डोळ्यांना हात लावू नका.
३. रात्री खिडकीजवळचा दिवा बंद ठेवा, मच्छरदाणी वापरा.
४. डोळा सुजला किंवा फोड वाढले तर डॉक्टरांकडे जा आणि किड्याबद्दल त्यांना आवर्जून सांगा.

घरी लहान भावंडांनाही हा किडा ओळखायला शिकवा.