फवारणी पंपाचे नोझल कसे निवडावे?



औषध विकत घेताना आपण बाटली निरखून पाहतो, दुकानदाराला दहा प्रश्न विचारतो. पण पंपाच्या टोकाला बसणाऱ्या लहानशा नोझलकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वास्तविक औषध आपल्या पिकावर पडणार, वाऱ्याने शेजाऱ्याच्या शेतात जाणार की आपल्याच नाकातोंडात शिरणार, हे बरेचसे नोझलवर अवलंबून असते.

पाठीवरच्या पंपासाठी मुख्यतः दोन तऱ्हेची नोझले लागतात. हॉलो कोन नोझलचा फवारा पोकळ शंकूसारखा असतो. त्याचे थेंब बारीक असल्याने ते दाट पानांत शिरतात. म्हणून कीटकनाशक व बुरशीनाशक यांसाठी ते योग्य. तणनाशकासाठी मात्र फ्लॅट फॅन किंवा फ्लड जेट घ्यावे. त्यांचा फवारा पंख्यासारखा सपाट, थेंब त्या मानाने मोठे. उसात टू-फोर-डी मारताना हॉलो कोन वापरले, तर बारीक तुषार वाऱ्याबरोबर उडून शेजारच्या कापसाची, टोमॅटोची किंवा द्राक्षाची पाने आकसतात. आपले तण मेले, पण शेजाऱ्याचे वर्षाचे पीक गेले, असे होऊ नये.

फ्लॅट फॅन नोझलचा रंग त्याचे माप सांगतो. ३ बार दाबाला पिवळे नोझल मिनिटाला सुमारे ०.८ लिटर पाणी सोडते, निळे १.२ आणि तांबडे १.६ लिटर. हातपंपाचा दाब कमीजास्त होतो, म्हणून मापाच्या भांड्यात एक मिनिट साधे पाणी सोडून स्वतः मोजावे.

समजा, मिनिटाला १.२ लिटर पाणी पडते, फवाऱ्याचा पट्टा १ मीटर रुंद आहे आणि आपण मिनिटाला ५० मीटर चालतो. एकर म्हणजे सुमारे ४,००० चौरस मीटर. त्याला ८० मिनिटे व ९६ लिटर पाणी लागेल, म्हणजे १६ लिटरचे सहा पंप. तेव्हा एकराच्या औषधाचे सहा सारखे भाग करून प्रत्येक पंपात एकेक घालावा. लेबलावर पाण्याचे प्रमाण जास्त दिले असल्यास मोठ्या मापाचे नोझल घ्यावे.

वापराने नोझलचे छिद्र झिजते. नव्यापेक्षा दहा टक्के जास्त पाणी पडू लागले की ते बदलावे. तुंबलेले नोझल तोंडाने कधीही फुंकू नये. तारेनेही टोचू नये, छिद्र बिघडते. हातमोजे घालून मऊ ब्रशने, पाण्याने साफ करावे.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. म्हणून वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये, नाकातोंडावर मास्क बांधावा आणि मजुराच्या हाती पंप देण्यापूर्वी नोझल आपण स्वतः तपासावे.