दादीसह रांजणखळग्यांकडे

जानेवारीतल्या एका रविवारी कुठे जायचे, यावर दौंडच्या आमच्या घरात दोन आठवडे खल चालला. मुलांना महाबळेश्वर हवे होते, खिशाला ते मानवत नव्हते. शेवटी कुकडी नदीचे रांजणखळगे ठरले. एका तीरावर शिरूर तालुक्यातले टाकळी हाजी, समोर पारनेर तालुक्यातले निघोज. गावाच्या नावात 'हाजी' आहे हे कळताच दादीअम्माही निघाल्या आणि सारा बेत पुन्हा मांडावा लागला.

हे खळगे कोणी खोदले, असे धाकट्याने विचारले. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या लाव्हाचे थरावर थर दख्खनवर पसरले आणि निवून काळा बेसाल्ट झाले. त्या खडकातल्या खोलगट जागी नदीचे गोटे अडकतात, भोवऱ्याबरोबर गरगर फिरतात आणि जात्यासारखा दगड झिजवत जातात. हजारो पावसाळे हे चालले, की रांजणाएवढे खळगे पडतात. दगडांतून पाणी फुटण्याचा उल्लेख कुरआन शरीफात आहे, ही आठवण दादीअम्मांनी करून दिली.

पावसाळ्यात खळगे पाण्याखाली जातात, एप्रिलमध्ये खडक तव्यासारखा तापतो, शिवाय चैत्रात मळगंगेच्या यात्रेची गर्दी. म्हणून जानेवारी बरा. पण खरी काळजी वेगळीच. पाण्याने भरलेला खळगा डबक्यासारखा दिसतो आणि खोली कळत नाही. आतून भिंती गुळगुळीत, हाताला धरायला काही नाही. पोहता येणाऱ्यालाही त्यातून वर येणे अवघड. त्यामुळे पोहण्याचे कपडे घरीच राहतील, यावर मुलांची बरीच कुरबुर झाली. प्रत्येक लहान मुलामागे एक मोठा माणूस नेमला आहे, आणि कडेवर सेल्फी नाही. वरच्या धरणांतून पाणी सुटले आहे का, हे आदल्या दिवशी गावात विचारून घेऊ.

वुजूसाठीही नदीत उतरायचे नाही. पाण्याचा कॅन घरून नेऊ आणि जोहर काठापासून लांब, सपाट जागी पढू.

चौफुला, न्हावरामार्गे शिरूर गाठायचे, तिथे खालाच्या घरी चहा, मग पुढे सुमारे पंचवीस किलोमीटर. खिमा आणि चपात्या अम्मी देणार आहेत. दादीअम्मांसाठी घडीची खुर्ची घेतली. त्या काठावरूनच पाहतील. बूट मात्र घालायला त्या अजून तयार नाहीत.