भाड्याच्या घराचा ताळेबंद

निवृत्तीची पुंजी भाड्याच्या घरात घालण्याकडे आपल्या वडोदऱ्यात पुष्कळांचा ओढा असतो. त्यांच्यासाठी आम्ही हा हिशेब मांडतो. समजा, घराची किंमत ५० लाख रुपये. गुजरातेत मुद्रांक शुल्क शेकडा ४.९ व नोंदणी शुल्क शेकडा १, म्हणजे वर २,९५,०००. दरमहा भाडे १५,००० धरा. वर्षात एक महिना घर रिकामे राहिले व घरपट्टी, डागडुजीस ३०,००० गेले, तर उरतात १,३५,०००. प्राप्तिकरापूर्वी शेकडा सुमारे अडीच! मुदत ठेवीचे व्याज याहून अधिक मिळते. किंमत वाढेल ही आशा झाली. तिला उत्पन्न म्हणू नये. म्हणून दुखण्याखुपण्याची रक्कम आधी बाजूला ठेवावी. अडचणीच्या वेळी घराची एकच खोली विकता येत नाही.