सुईच्या टोकाएवढी जखम आणि स्टिअरिंगचे तेल

गॅरेजमधले हे दृश्य बहुतेकांनी पाहिलेले असते. बॉनेट उघडे, इंजिन चालू. आत बसलेला पोरगा मिस्त्रीच्या इशाऱ्यावर स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे फिरवतो आणि मिस्त्री वाकून एकेका होज पाइपवरून बोटे फिरवत गळती शोधतो. स्टिअरिंग जड लागते, वळवताना घरघर येते, गाडी उभी राहते तिथे तेलाचा डाग पडतो, अशा तक्रारींवरची ही नेहमीची तपासणी. गरम भाग आणि फिरता पंखा यांपासून सगळेच जपतात. पाइपवरून फिरणाऱ्या त्या बोटांची काळजी मात्र फारसे कुणी करत नाही.

तेलावर चालणाऱ्या पॉवर स्टिअरिंगमध्ये इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा एक पंप असतो. तो तेल दाबाने स्टिअरिंगच्या गिअरबॉक्सकडे ढकलतो आणि चाके वळवण्याचे कष्ट हे तेल करते. अमेरिकेतील अभियंता फ्रान्सिस डेव्हिस यांनी १९२० च्या दशकात ही युक्ती गाडीत बसवून दाखवली. विक्रीच्या मोटारीत ती आली १९५१ मध्ये, क्रायस्लर इम्पीरियलमध्ये. सरळ रस्त्यावर तेलाचा दाब कमी असतो. स्टिअरिंग टोकापर्यंत फिरवून धरले की तो सर्वाधिक होतो, मोटारीत साधारण ७० ते १०० बारपर्यंत. टायरमधली हवा असते दोन-सव्वादोन बार. रक्तदाबाच्या भाषेत सांगायचे, तर निरोगी माणसाचा वरचा आकडा १२० आणि त्याच एककात १०० बार म्हणजे सुमारे ७५ हजार!

माणसाची त्वचा भेदायला सात बारच्या आसपासचा दाब पुरतो. म्हणजे जुन्या, चिरलेल्या पाइपला सुईएवढे भोक पडलेले असेल आणि त्याच वेळी आतला पोरगा स्टिअरिंग टोकाला धरून बसला असेल, तर बाहेर येणारी बारीक धार इंजेक्शनसारखे काम करते. बोट पाइपला टेकलेले असण्याचीही गरज नसते. ही धार अनेकदा दिसतच नाही. वैद्यकीय साहित्यात अशा जखमेची पहिली नोंद १९३७ ची, डिझेल इंजिनाच्या इंधनामुळे झालेली. आजही ग्रीसगन, रंग फवारण्याची यंत्रे आणि डिझेलचे इंजेक्टर यांच्यामुळे त्या जास्त होतात. मोटारीच्या स्टिअरिंगमुळे तुलनेने कमी, पण ट्रॅक्टर, जेसीबी, टिपर यांच्या हायड्रॉलिक पाइपांवर हात फिरवणारे काही कमी नाहीत. इजा होते ती बहुधा काम करणाऱ्या तरुण पुरुषांना आणि बहुतेकदा डाव्या हाताच्या तर्जनीला, कारण उजव्या हातात पाना असतो.

फसवणूक अशी, की सुरुवातीला काहीच दिसत नाही. बोटावर एक ठिपका, थोडे तेल, जरा बधिरपणा. माणूस बोट फडक्याला पुसतो आणि पुन्हा कामाला लागतो. आत मात्र तेल बोटाच्या कंडरांच्या आवरणातून वाट काढत थेट तळहातापर्यंत, कधी मनगटाच्याही पुढे गेलेले असते. बोटात जागा ती किती! आत शिरलेल्या तेलाने रक्तवाहिन्या दाबल्या जातात, तेलातली रसायने ऊती जाळतात, मागून जंतुसंसर्ग येतो. काही तासांत बोट सुजते, ठणकते, पांढरे किंवा निळसर पडते. तोवर मौल्यवान वेळ गेलेला असतो. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४३५ रुग्णांच्या आढाव्यात सुमारे ३० टक्के रुग्णांचे बोट किंवा हाताचा काही भाग कापावा लागला होता. रंग आणि थिनरसारख्या द्रावकांच्या जखमा त्यात सर्वांत वाईट. ग्रीस आणि हायड्रॉलिक तेलाच्या त्यामानाने सौम्य, पण सौम्य म्हणजे घरी बसण्याजोग्या नव्हेत.

अशा वेळी बोट दाबून तेल काढू नये, चोळू नये, हळद लावू नये, शेकू नये. बर्फही ठेवू नये. अंगठी लगेच काढावी, हात उंच धरावा, काही खाऊ-पिऊ नये, कारण भूल द्यावी लागण्याची शक्यता असते. तेलाचा डबा किंवा त्यावरच्या लेबलाचा फोटो सोबत घ्यावा आणि हाताची शस्त्रक्रिया करणारे शल्यविशारद किंवा अस्थिरोगतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात त्याच दिवशी नव्हे, त्याच तासात पोहोचावे. बोट उघडून आतले तेल आणि मेलेल्या ऊती धुऊन काढणे हाच मुख्य उपचार असतो, तो शक्यतो सहा तासांच्या आत व्हावा. काहींना ही शस्त्रक्रिया पुन्हा पुन्हा लागते.

इथे डॉक्टरांचीही चूक होते, हे मान्य करायला हवे. गर्दीच्या अपघात विभागात ‘बोटाला टोचले’ एवढेच सांगितले, तर धनुर्वाताचे इंजेक्शन आणि गोळ्या देऊन रुग्णाला घरी पाठवले जाते. म्हणून रुग्णाने किंवा सोबत आलेल्याने स्पष्ट शब्दांत सांगावे: ‘दाबाखालचे तेल बोटात घुसले आहे.’ या एका वाक्याने पुढचे सगळे बदलते.

मग गळती शोधायची कशी? बरीचशी तपासणी इंजिन बंद ठेवूनच होते. टाकीतल्या तेलाची पातळी, त्याचा रंग, जळका वास. फेस असेल तर आत हवा शिरलेली. पट्टा सैल आहे का, पाइपांना चिरा आहेत का, सांध्यांवर ओलसर धूळ चिकटली आहे का. दाब मोजायचा तर मापक जोडून; त्याची झडप किंवा स्टिअरिंगचे टोक पाच सेकंदांपेक्षा जास्त धरायचे नाही, पंप तापतो. नव्या बहुतेक मोटारींत आता विजेवर चालणारे स्टिअरिंग आले आहे. त्यात तेलच नाही, तपासणी होते स्कॅनरवर. अवजड वाहने आणि ट्रॅक्टरमध्ये मात्र तेल अजून आहेच.

तिथे आधी पाइप कोरडे पुसून घ्यायचे, डोळ्यांना चष्मा लावायचा, इंजिन चालू करायचे आणि बोटाऐवजी पुठ्ठ्याचा लांबसा तुकडा पाइपांजवळून फिरवायचा. पुठ्ठ्यावर तेलाची रेघ उमटली की गळती सापडली. मग इंजिन बंद, स्टिअरिंग दोन-तीनदा दोन्हीकडे फिरवून उरलेला दाब उतरवायचा, आणि त्यानंतरच पाना हातात घ्यायचा.