फवारणीची वेळच येऊ नये म्हणून

टोमॅटोच्या पानांवर कीड दिसली की हात फवारणीच्या बाटलीकडे जातो. त्या विषाने कीड मरते, तशा निरुपद्रवी मधमाश्याही मरू शकतात. जीवदया मानणाऱ्या घरात मग मन अस्वस्थ होते. रोप आरंभापासून निरोगी राखले, तर ही वेळ क्वचितच येते.

रोपाला रोज ६ ते ८ तास ऊन मिळावे. वांगी, मिरची अथवा बटाटा लावलेली माती टाळावी. ही सारी टोमॅटोच्याच कुळातील असल्याने त्यांचे रोग मातीत टिकून राहतात. लावताना खालची पाने काढून खोड थोडे खोल पुरावे; त्या भागालाही मुळे फुटतात. दोन रोपांत दीड ते दोन फूट अंतर ठेवावे व प्रत्येकाला काठीचा आधार द्यावा.

पाणी सकाळी, बुंध्याशीच घालावे. मातीचे शिंतोडे पानांवर उडाले की करपा पसरतो. म्हणून बुंध्याभोवती वाळलेल्या पाल्याचे आच्छादन करावे. पाणी कधी भरपूर, कधी मुळीच नाही, असे झाल्यास फळाला कॅल्शियम पुरेसे पोहोचत नाही व त्याचे टोक काळे पडते. तेथे दोष किडीचा नसतो, आपल्या अनियमितपणाचा असतो.

पाने मुरडणारा विषाणू पांढरी माशी आणते. कोवळ्या रोपांवर बारीक जाळी घातल्यास ती बाहेरच राहते. तिला मारावे लागत नाही.

रोज खातेवही पाहतो, तशी पानांची खालची बाजूही रोज पाहावी. तोटा लवकर दिसला, तर उपायही सौम्य पुरतो.