कर्ज फेडावयाचे तर घरची कीर्द लिहा

दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळी गडचांदूरच्या बाजारपेठेत फेरी मारली, तर दुकानोदुकानी नव्या वहीवर कुंकवाचे स्वस्तिक रेखलेले दिसते. वहीची जागा आता पुष्कळ ठिकाणी संगणकाने घेतली आहे, तरी पूजा वहीचीच होते. ज्या दुकानदारास सकाळपासून गल्ल्यात किती आले व किती गेले हे रुपयापर्यंत ठाऊक असते, त्याच दुकानदारास त्याच्या घरात गेल्या महिन्यात किती खर्च झाला हे विचारले असता तो हसून म्हणतो, "घरचा काय हिशेब ठेवायचा?" आमच्या मते आपल्या गावातील निम्म्या कर्जांचे मूळ या एका हसण्यात आहे, आणि म्हणून आज या विषयावर चार शब्द स्पष्टपणे लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

गेल्या महिन्यात आमच्याकडे एक गृहस्थ कागदांची पिशवी घेऊन सल्ला विचारावयास आले. नोकरी खासगी, पगार महिना १८,००० रुपये, घरी पत्नी, दोन मुले व वृद्ध आई. आईचे आजारपण आणि बहिणीचे लग्न एकाच वर्षी आल्यामुळे त्यांनी एका ओळखीच्या इसमाकडून ५०,००० रुपये शेकडा तीन रुपये दरमहा व्याजाने घेतले होते. सव्वीस महिने दरमहा १,५०० रुपये त्यांनी न चुकता दिले. म्हणजे ३९,००० रुपये गेले, आणि मुद्दल मात्र पन्नास हजार ते पन्नास हजारच राहिले! भरीस भर म्हणून घराच्या जागेचे विक्रीपत्र तारण म्हणून लिहून दिलेले, आणि "या दिवाळीपर्यंत पैसे आले नाहीत तर जागेचा ताबा घेऊ" असा निरोप आलेला. गृहस्थ आमच्यासमोर बसून जो प्रश्न विचारीत होते तो एवढाच की, जागा वाचेल काय?

प्रथम कायद्याची बाजू सांगतो, कारण ती पुष्कळांस ठाऊक नसते. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ अन्वये परवान्यावाचून सावकारी करणे हा गुन्हा आहे. परवानाधारक सावकारासही मनास येईल तो दर लावता येत नाही. शासनाने ठरवून दिलेला दर शेतकऱ्यास तारण कर्जावर सालीना ९ टक्के व विनातारण १२ टक्के, आणि इतरांस अनुक्रमे १५ व १८ टक्के असा आहे. शेकडा तीन दरमहा म्हणजे सालीना ३६ टक्के. हा दर कायद्याच्या कमाल मर्यादेच्याही दुप्पट झाला. अवैध सावकारीच्या व्यवहारात गिळलेली स्थावर मिळकत परत मिळवून देण्याचा अधिकार याच कायद्याच्या १८ व्या कलमाने जिल्हा उपनिबंधकांस दिला आहे. थकलेले व्याज एका वेळी मुद्दलाहून अधिक वसूल करता कामा नये, हा दामदुपटीचा दंडक तर आपल्या धर्मशास्त्राइतका जुना आहे. तेव्हा जागा वाचविण्याचा मार्ग आहे, असे आम्ही त्यांस सांगितले, आणि अर्ज कोठे व कसा द्यावयाचा तेही समजावून दिले.

परंतु एवढ्याने प्रश्न संपत नाही. घेतलेले मुद्दल प्रामाणिकपणे फेडावयाचे आहे, आणि ते फेडण्यास पैसा कोठून आणावयाचा हा प्रश्न कायदा सोडवीत नाही. म्हणून आम्ही त्यांस विनंती केली की, पत्नीस बरोबर घेऊन एक महिनाभर घरातील प्रत्येक रुपयाची नोंद एका साध्या वहीत करावी. महिन्याने वही आली. तीत किराणा, दूध, वीज, शाळा, औषधे ही कलमे जशी असावी तशीच होती. त्यांत काटावयास जागा नव्हती. दोन कलमे मात्र अशी निघाली की, ती पाहून गृहस्थ स्वतःच चकित झाले. दिवसास तीन खर्रे, दर २० रुपयांप्रमाणे ६० रुपये, म्हणजे महिन्यास १,८००. टपरीवरील चहा व नाश्ता दिवसास ३० रुपये, म्हणजे महिन्यास ९००. "मी उधळ्या नाही हो," असे ते म्हणाले, आणि ते खरेच होते. उधळपट्टी करणारा मनुष्य आपण उधळतो हे जाणून असतो. वीस-वीस रुपयांनी झिजणाऱ्या मनुष्यास आपण झिजतो आहोत याची दादही नसते.

आता हिशेब पाहा. तीन खर्र्यांचा एक केला तर महिना १,२०० रुपये सुटतात; टपरीचा खर्च तिसऱ्या हिश्श्यावर आणला तर ६०० सुटतात; एकूण १,८००. आधीचे १,५०० आणि हे १,८०० मिळून दरमहा ३,३०० रुपये भरले, तर शेकडा तीनच्या त्या जुलमी दरानेही ५०,००० चे कर्ज एकविसाव्या महिन्यात संपूर्ण फिटते, आणि एकूण भरणा सुमारे ६७,७०० रुपये होतो. उलट, नुसते १,५०० भरीत राहिल्यास एकवीस महिन्यांत ३१,५०० रुपये जाऊन मुद्दल जागच्या जागी उभे! आता हेच कर्ज पगारदार नोकरांच्या सहकारी पतसंस्थेकडून अथवा बँकेकडून शेकडा एक दरमहा, म्हणजे सालीना १२ टक्क्यांनी मिळाले असे धरा. तेच ३,३०० रुपये भरून कर्ज सतराव्या महिन्यात फिटते व एकूण भरणा सुमारे ५४,५०० रुपये होतो. म्हणजे स्वस्त दराने सुमारे तेरा हजार रुपये आणि चार महिने वाचले. परंतु कर्ज फिटण्याचा जो मूळ चमत्कार, तो घडविला त्या अठराशे रुपयांनी. दर बदलणे हे दुसरे चाक आहे. पहिले चाक खर्चातील कपातीचे आहे. दोन्ही असतील तर गाडी वेगाने चालते. पहिले नसेल तर दुसरे जागच्या जागी फिरते.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो आम्ही स्वतःच मांडतो. गरिबास कर्ज होते ते त्याच्या उधळेपणामुळे, असे म्हणणे ही सुखवस्तू लोकांची फार जुनी खोड आहे. १८७५ साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत सुपे येथून सुरू झालेले सावकारविरोधी दंगे झाले, तेव्हा त्यांची चौकशी करणाऱ्या आयोगानेही लग्नकार्याच्या खर्चास कर्जाचे कारण म्हणून वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले गेले आहे, असा अभिप्राय दिला होता. त्याच चौकशीतून पुढे १८७९ चा दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा आला. आमच्या कोरपना-राजुरा भागातील कापूस पिकविणारा शेतकरी पावसाच्या एका खंडाने बुडतो. त्यास "खर्रा सोड म्हणजे कर्ज फिटेल" असे सांगणे ही क्रूर थट्टा होईल. त्याच्या कर्जास पाणी, भाव, विमा व वेळेवर मिळणारे पीककर्ज हीच औषधे आहेत, आणि ती मागण्याचा त्याचा हक्क आहे. २००८, २०१७ व २०१९ साली कर्जमाफीच्या योजना निघाल्या, तरीही शेतकऱ्याच्या डोक्यावर कर्ज पुनःपुन्हा चढते, यावरून रोग किती खोल आहे हे दिसते. आमचे आजचे लिहिणे आहे ते दरमहा काहीतरी निश्चित मिळकत असणाऱ्या नोकरदार, कारागीर व व्यापारी वर्गासाठी. त्यांच्या हातात कपातीचे शस्त्र आहे. ते त्यांनी म्यानातच ठेवून गंजू देऊ नये.

दुसरी गोष्ट याहून नाजूक आहे. कपात करावयाची म्हटली की ती घरात कोणाच्या ताटात होते? अनुभव असा आहे की, प्रथम गृहिणीच्या ताटातील भाजी कमी होते, मग मुलांचे दूध, मग मुलीची शिकवणी. घरधन्याचा खर्रा मात्र शेवटपर्यंत अढळ राहतो. अशा कपातीस काटकसर म्हणणे हा शब्दाचा अपमान आहे. दूध, औषध, शिक्षण व विम्याचा हप्ता यांस हात लावू नये. प्रथम हात लावावा तो ज्याने देह झिजतो त्या खर्चास. तंबाखू व सुपारीने तोंडाचा कर्करोग होतो हे आज कोणासही अज्ञात नाही, आणि त्या रोगाचा खर्च म्हणजे नव्या कर्जाचे पहिले पानच. तेव्हा तीनाचा एक केलेला खर्रा पुढे शून्यावर आणावा, हेच शहाणपण. चंद्रपूर जिल्ह्यात स्त्रियांच्या आंदोलनानंतर १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी लागू झाली आणि २०२१ साली ती उठली. त्या निर्णयांविषयी मतभेद असतील. परंतु घरखर्चातील एका कलमाने संसार कसे पोखरले हे सांगण्यास ज्या बाया रस्त्यावर उतरल्या, त्या घरचा हिशेब पुरुषांहून अधिक जाणत होत्या, याविषयी मतभेद नसावा. म्हणून घरची कीर्द गृहिणीच्या हाती असावी, असा आमचा आग्रह आहे.

व्यापारी बंधूंसही दोन शब्द. दुकानाचा गल्ला हा घरचा बटवा नव्हे. घरखर्चासाठी महिन्याची एक रक्कम ठरवून ती दुकानातून एकदाच उचलावी, आणि तिच्याबाहेर एक रुपयाही काढल्यास तो स्वतःच्या नावे खतावणीत टाकावा. असे सहा महिने केल्यास दुकान तोट्यात आहे की घर, हे निर्विवाद कळेल. गिऱ्हाइकास उधारी देताना दर महिन्यास बेरीज करून चिठ्ठी द्यावी. न मागता वाढत गेलेली उधारी गिऱ्हाईकही बुडविते आणि दुकानही. आणि लग्नकार्यातील थाटाविषयी तर जबाबदारी तुमचीच अधिक आहे. पेठेतील शेटजींच्या मांडवाची लांबी पाहून गल्लीतील शिपाई आपल्या मांडवाची लांबी ठरवितो. वऱ्हाडात जन्मलेल्या गाडगे महाराजांनी गावोगाव कीर्तने करून ऋण काढून सण साजरा करू नका हेच लोकांस शिकविले, आणि चिमूरच्या परिसराशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले त्या तुकडोजी महाराजांनीही साधेपणाचाच उपदेश केला. त्यांच्या तसबिरी दुकानात लावणाऱ्यांनी त्यांचा हा एवढा उपदेश तरी घरी न्यावा.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी. सर्व कर्जे एका कागदावर लिहून प्रत्येकासमोर दर लिहावा, आणि किमान हप्ते सर्वांचे भरून उरलेली सारी रक्कम सर्वांत महाग कर्जावर टाकावी. नवे स्वस्त कर्ज काढून जुने महाग कर्ज फेडले, तर जुन्याचा कागद त्याच दिवशी फाडून घ्यावा अथवा खाते बंद झाल्याचा दाखला घ्यावा. नाहीतर एकाची दोन कर्जे होतात. भ्रमणध्वनीवर चुटकीसरशी मिळणाऱ्या कर्जापासून सावध राहावे. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार अशा कर्जाची रक्कम थेट ऋणकोच्या बँक खात्यात आली पाहिजे आणि एकूण खर्च किती पडणार हे आधी लेखी सांगितले पाहिजे. जो हे सांगत नाही त्याच्या दारात पाऊल ठेवू नये. वार्षिक ३ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबास दिल्या जाणाऱ्या सूक्ष्म कर्जांबाबत त्याच वर्षीच्या नियमांनी असे ठरविले आहे की, कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होऊ नयेत. ही मर्यादा सावकाराने उल्लंघू नये यासाठी आहे. गृहस्थाने आपली मर्यादा याहून पुष्कळच खाली आखावी.

गडचांदूरचा हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्यात कर्जापोटी धन्याच्या दारी पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्या गड्यास भगेला म्हणत. निजामाचे राज्य गेले, १९७६ च्या कायद्याने वेठबिगारीही गेली. परंतु महिन्याच्या पहिल्या तारखेस पगार हाती येण्यापूर्वीच जो मनुष्य तो दुसऱ्यास देऊन बसला आहे, त्याच्या स्वातंत्र्यात आणि त्या गड्याच्या बंधनात अंतर किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. देशाचे स्वराज्य मिळविण्यास थोरांचे बलिदान लागले. घरचे स्वराज्य मिळविण्यास एक वही, एक लेखणी आणि थोडी लाज बाजूस ठेवण्याचे धैर्य एवढेच पुरते.

त्या गृहस्थांचा अर्ज दाखल झाला आहे. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. परंतु परवा ते भेटले तेव्हा त्यांनी पिशवीतून अर्जाची प्रत काढली नाही, वही काढली. दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस खर्र्याच्या रकान्यात बहुतेक दिवशी शून्य होते, आणि ते आकडे त्यांच्या पत्नीच्या अक्षरात होते. येत्या पाडव्यास आमच्या वाचकांनी दुकानाच्या वहीशेजारी घरची एक वही मांडावी, आणि कुंकवाचे बोट प्रथम तिला लावावे, एवढेच आमचे मागणे आहे.